जनकाबाई हसली तेव्हा

जनकाबाईला अमडापुरातली बरीच माणसं चपलेच्या वासावरून ओळखता येत. सासूच्या, गोजरबाईच्या चपलेला शेणाचा आणि जुन्या घामाचा वास होता. टाचेकडचं कातडं झिजून पातळ झालेलं, त्यामुळे ती चप्पल नाकाला आधी गार लागायची आणि वास मागून यायचा. मोठी जाऊ विमलबाई, तिच्या चपलेला रॉकेलचा वास. शेजारच्या कडूबाची वहाण सगळ्यांत वाईट. तिच्यात करडईचं तेल होतं आणि ओलं कुत्रं होतं. ही माहिती तिनं हौसेनं गोळा केलेली नव्हती. ती पडायची, आणि पडली की कुणीतरी धावत येऊन पायातलं काढून तिच्या नाकाला लावायचं. मिरगी आली की चप्पल हुंगवायची, हे त्या भागात पोरासोरांनाही ठाऊक होतं.

ती पडायची हसल्यावर. हसू ओठांवर येतं न येतं तोच मान ढळायची, जबडा सैल व्हायचा, आणि गुडघ्यांमधून कुणी खुंट्या उपसून घ्याव्यात तशी ती जागच्या जागी खाली बसायची, मग आडवी व्हायची. डोळे अर्धे मिटलेले. पण त्या अर्ध्या मिटल्या डोळ्यांना आभाळ दिसायचं, शेवग्याची फांदी दिसायची, वरून वाकलेली तोंडं दिसायची. कोण काय बोलतं ते शब्दन् शब्द ऐकू यायचं. फक्त देह तिचा राहिलेला नसायचा. विहिरीच्या तळाशी बसून काठावरच्या बायकांचं बोलणं ऐकावं, तशी ती स्वतःच्या आत बसून असायची. थोड्या वेळानं बोटं हलायची, मान उचलायची, आणि ती पदर सावरून उठायची. चपलेनं गुण दिला, असं सगळे म्हणायचे.

पडल्यावरही आपल्याला शुद्ध असते, हे तिनं पहिल्यांदा सासूला सांगून पाहिलं होतं. गोजरबाई म्हणाली, "मिरगीवालीले काय ऐकू येते! सपन पडलं असन तुले." त्यानंतर तिनं कुणालाच सांगितलं नाही. विहिरीच्या तळाशी बसलेल्या माणसाला एक सुख असतं. काठावरचे त्याच्याविषयी खरं बोलतात.

माहेर तिचं देऊळघाटचं. बाप भगवानराव बऱ्यापैकी जमिनीचा धनी, आणि ही त्याची बोलघेवडी लेक. भुलाबाईच्या महिन्यात पोरी संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत हिंडायच्या, तेव्हा गाणं उचलायची ही. जुनी गाणी संपली की जागीच नवी जुळवायची. कुणाच्या सासूची, कुणाच्या म्हशीची, कुणाच्या नाकाची. पोरी हसून लोळायच्या आणि ही उभी राहून त्यांच्याकडं बघायची. त्या वेळी तिचे गुडघे शाबूत होते.

लग्न होऊन अमडापूरला आली, त्याच वर्षी हे सुरू झालं. नवरा शेषराव बोलण्यात भारी गमत्या माणूस. नवी नवरी अंगणात ज्वारी पाखडत बसली होती, हा खांबाला टेकून म्हणाला, "ऐकलं काय वं? ग्रामपंचायतीत रेडिओ आला. कडूबा त्याच्यापुढं जाऊन बसला. आतला मानूस म्हणे, नमस्कार. कडूबा उठून हात जोडते अन् म्हणते, राम राम साहेब, घरी कोनी नाही, उद्या या."

जनका हसली आणि सुपासकट ज्वारीत कोसळली. गोजरबाईनं पायातली चप्पल काढली. त्या दिवशी घरात मिरगी हा शब्द आला आणि मग गेलाच नाही.

त्याच्याच जोडीला झोप आली. कणीक मळता मळता डोळे मिटायचे. कपाशी वेचताना ओळीच्या मध्यावर ती उभ्या उभ्या झोपायची आणि हात आपोआप बोंडं तोडत राहायचे, ओटीत कापूस पडायच्या ऐवजी पालापाचोळा पडायचा. डोळा लागला न लागला की स्वप्नं. एक काळा रेडा छातीवर पाय देऊन उभा राहायचा आणि तिला ओरडता यायचं नाही. गावानं तिला आळशी म्हटलं. ते तिला मिरगीपेक्षा जास्त लागलं. एका डॉक्टरनं मिरगीच्या गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी मिरगी गेली नाही, कारण ती नव्हतीच. झोप मात्र दुप्पट झाली. दुपार म्हणजे काय असते हे जनकाबाई वर्षानुवर्षं विसरून गेली होती. सकाळनंतर तिला एकदम संध्याकाळ भेटायची.

आणि घरातलं हसणं बंद झालं. कुणी तसा नियम केला नव्हता. पण ती दिसली की बोलणं मधेच तुटायचं. शेषरावानं तर आपल्या सगळ्या गमती गिळून टाकल्या. बांधावर गड्यांना हसवणारा माणूस घराच्या उंबऱ्यात पाय ठेवला की तोंड पाडून घ्यायचा. बायकोवर जीव होता म्हणून तो मुका झाला. पोरगी वासंती याच घरात वाढली. ती हसायची तेव्हा तोंडावर पदर घेऊन, पाठ फिरवून, चोरी केल्यासारखी हसायची. लोक म्हणायचे, काय वळण आहे पोरीला. जनकाबाईला ते वळण बघून रडू यायचं. रडल्यानं पडायला होत नाही, एवढी एक सवलत तिला होती.

महाराष्ट्र होऊन दहा वर्षं होत आली होती तेव्हाची गोष्ट. वासंतीला डोणगावचं स्थळ आलं. मुलगा उद्धव, शिकलेला, घरची शेती, आडतीत ऊठबस. त्याची आई मनकर्णाबाई मेहकर तालुक्यात गाण्यांसाठी गाजलेली. लग्नातल्या पंगतीत विहिणीला हसवायची, चिडवायची गाणी असतात, ती तिच्या तोंडून ऐकायला लोक दुसऱ्या गावाहून येत. पोरगी पसंत पडली. शेषरावानं दारातून येऊन सांगितलं, "जमलं वं. चैतात लगन."

जनकाबाईला आनंद झाला. तेवढंच निमित्त पुरलं. ती चुलीपासून जरा लांब होती हे नशीब. बसल्या जागी कलंडली. विमलबाईची चप्पल आली. रॉकेल.

आणि त्या रॉकेलच्या वासात तिनं गोजरबाईचा आवाज ऐकला. "पाह्यलं? खुशीनं बी पडते हे. मांडवात पडली तं वऱ्हाड पाय लावून पळन. मिरगीवालीची पोर कोन नेते?"

"मंग काय करता?" विमलबाई म्हणाली.

"लगनाच्या हप्त्यात हिले देऊळघाटले धाडून देऊ. मायच्या जागी तू बस. कन्यादानाले तू अन् तुहा मालक. तिकडून कोनी इचारलं तं सांगू, बाळंतपनाले गेली कोनाच्या तरी."

मग शेषरावाचा आवाज आला, "पोरीचं भलं होत असन तं..."

पुढचं वाक्य त्यानं पुरं केलं नाही. जनकाबाईची बोटं हलू लागली होती. ती उठली, पदर सावरला, चुलीवरचं उतू गेलेलं दूध पुसलं. पण विहिरीच्या तळाशी बसून ऐकण्यात जे सुख होतं ते त्या दिवशी संपलं. आपल्या पोरीच्या लग्नात आपण जिवंत असून नसणार. आता वर यायला हवं होतं.

पौषात चिखलीला एका शाळेत नागपूरच्या डॉक्टरांचं शिबिर भरलं, खास मिरगीच्या रोग्यांसाठी. जनकाबाई नवऱ्याला म्हणाली, "मले नेता काय?" तिनं बहुतेक पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. शेषरावानं बैल जुंपले.

बाकावर बसलेली डॉक्टरीण काटकुळी होती, चष्म्याची, नाव शरयू. मूळची मेहकरची, कारकुनाची लेक, शिकून परदेशात जाऊन आलेली. सकाळपासून रोगी बघून तिचा आवाज बसला होता.

"पडता तेव्हा शुद्ध जाते?"

"जाते न," शेषराव म्हणाला. "धोंड्यासारखी पडून राह्यते."

"तुमाले नाही इचारलं भाऊ, यायले इचारलं." तिच्या तोंडी आपली बोली ऐकून शेषराव चमकला. "बाई, पडल्यावर घरचे काय करतात?"

"चप्पल हुंगवतात."

डॉक्टरीण लिहितच होती. सकाळपासून प्रत्येकानं तिला हेच सांगितलं होतं. कंटाळून, नुसत्या थट्टेनं तिनं विचारलं, "कोनाची?"

"मांगच्या खेपेले जावेची. तिले रॉकेल लागेल असते, कंदील तेच भरते. त्याच्या आंधी सासूची. तिची टाच झिजेल हाये, गार लागते. कडूबाची आनली की मी देवाचा धावा करते."

लेखणी थांबली. डॉक्टरणीनं चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"मांगच्या खेपेले पडल्या होत्या तेव्हा लोक काय बोलले, सांगता येईन?"

जनकाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. समोरच्या फळ्याकडं बघत तिनं सगळं सांगितलं, जसंच्या तसं. सासूचं वाक्य सासूच्या आवाजात, जावेचं जावेच्या. देऊळघाट. मायच्या जागी तू बस. आणि शेवटी, "हे म्हनले, पोरीचं भलं होत असन तं."

शेषराव खाली बसला. बाक असताना जमिनीवर बसला.

"तू ऐकत होती?" तो म्हणाला.

"दर खेपेले ऐकते."

इतक्या वर्षांत तिच्या पडलेल्या देहाभोवती उभं राहून आपण काय काय बोललो, ते सगळं त्या माणसाच्या तोंडावर एकामागून एक उमटून गेलं. डॉक्टरणीनं त्याला तसंच बसू दिलं. मग म्हणाली, "भाऊ, मिरगीत मानूस पडला की त्याले काही कळत नाही. तुमच्या बायकोले रॉकेल कळलं. हे मिरगी नोहे. आता माह्यं एक काम करा. यायले हसवा."

"मी?"

"तुमीच."

शेषरावाच्या इतक्या वर्षांच्या सगळ्या गमती एकदम दाराशी आल्या आणि दार लहान पडलं. शेवटी तो खाली मान घालून, रडल्यासारख्या आवाजात म्हणाला, "कडूबा गेला दवाखान्यात. डाक्टर म्हने, जीभ दाखव. कडूबा म्हने, साहेब, जीभ घरी बायकोजवळ हाये. माह्यापाशी निस्ते दात."

जनकाबाई बाकावरून घसरली. शिबिरातले दोघे-तिघे सवयीनं वाकून पायातलं काढू लागले. डॉक्टरीण ओरडली, "खबरदार! कोनी चप्पल आनली तं!" तिनं छोटी हातोडी घेतली, गुडघ्यावर मारली, पाय हलला नाही. मग जनकाबाईची उजवी मूठ उघडून तिच्यात काहीतरी ठेवलं आणि मूठ मिटली. कानाशी वाकून म्हणाली, "भुलाबाईची खिरापत न पाहता ओळखत होत्या न लहानपनी? उठल्यावर ओळखा."

बोटं हलली तेव्हा जनकाबाई मूठ न उघडता म्हणाली, "पेनचं टोपन. अन् त्याले शाई लागेल हाये, ओलं लागते."

मूठ उघडली. तळहातावर निळा डाग होता.

नागपूरला जायचं ठरलं तेव्हा गोजरबाईनं घर डोक्यावर घेतलं. पण शेषराव आता मुका राहिला नव्हता. तो फक्त म्हणाला, "माय, पडल्यावर बी ते ऐकते." या एका वाक्यानं गोजरबाईचं तोंड बंद झालं. ती आठवू लागली होती.

नागपूरच्या दवाखान्यात एका बंद खोलीत जनकाबाईच्या डोक्याला चिकट लगदा लावून बारीक तारा चिकटवल्या. तारांची टोकं एका पेटीत, आणि पेटीतून आठ-दहा लेखण्या कागदाच्या पट्टीवर चालत होत्या. तिला वाटलं, आता हे लोक माझं डोकं वाचणार. ज्या डोक्यात सासूच्या चपला होत्या, रेडा होता, न गायलेली गाणी होती. वाचू द्या.

"झोपा," डॉक्टरीण म्हणाली. असं तिला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. ती झोपली आणि लगेच रेडा आला.

उठल्यावर डॉक्टरणीनं पट्टी पसरून दाखवली. "हे बघा, जाग्या. ही झोप लागली. दुसऱ्या मानसाले झोपल्यावर सपनापर्यंत जायले तास-दीड तास लागते. तुमी दार उघडून थेट सपनात. मधली खोलीच नाही तुमच्या घराले. अन् हसल्यावर सपनाचं ढिलेपन जागेपनी अंगात शिरते. म्हून देह पडते अन् डोकं जागं राह्यते. आळस नाही हा बाई. बिमारी हाये."

जनकाबाईनं ती रेष बोटानं चाचपली. आळस नाही. हे कागदावर होतं, शाईत होतं, आणि ते तिच्याच डोक्यानं लिहिलं होतं.

मिरगीच्या गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या. मग एक पांढरी गोळी सुरू झाली, झोपेसाठी, आणि दुसरी एक, पडण्यासाठी. काही दिवसांनी पुन्हा तारा लावल्या. पांढरी गोळी पोटात असताना लेखण्या वेगळ्याच चालल्या. ताठ, बारीक, भरभर, जशी पेरणीच्या वेळी बायकांची रांग चालते. डॉक्टरीण दोन पट्ट्या शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिली. तिला झालेला आनंद तिनं लपवला नाही.

"हे गोळी कायची?" शेषरावानं विचारलं.

"हेच गोळी कॉलेजातले पोट्टे परीक्षेसाठी चोरून खातात. ट्रकवाले खातात घाटात जागं राह्याले. अन् वाटोळं करून घेतात." डॉक्टरीण जरा थांबली. "आपल्या मेंदूत एक रस असतो, डोपामिन म्हनतात. मानसाले जागं ठेवनं, हुरूप देनं, ह्यात त्याचा हात हाये असं आता शास्त्रज्ञ म्हनू लागले. हे गोळी त्या रसाले बाहेर काढते. फुकनी असते न चुलीची, तशी. पेटल्या चुलीत जोरानं फुकलं तं ठिनग्या उडून छपराले लागतात. पोट्ट्यायचं तसं होते. पन राखेखाली निखारा दबला असन, तं फुकल्याबिगर भाकर होत नाही. यायची चूल दबेल हाये. म्हून सांगितली तेवढीच घ्याची. एक बी जास्त नाही. जास्त घेतली तं हेच गोळी बाईले खाऊन टाकन."

"अन् तो रस ह्या कागदावर दिसते?" जनकाबाईनं विचारलं.

डॉक्टरीण हसली. "नाही. कागदावर धूर दिसते निस्ता. जित्या मानसाच्या डोक्यातला जाळ पाह्यचं यंत्र अजून कोनापाशी नाही. होईन एक दिवस. तेव्हा तुमच्यासारख्यायच्या डोक्याचा फोटो काढतीन, गोळीच्या आंधी अन् गोळीच्या नंतर. मी तं वाट पाहून राह्यली." मग आवाज खाली आणून म्हणाली, "झोप कमी होईन, हे मी सांगते. पडनं पूर्ण जाईन असं सांगत नाही. गुडघे थरथरतीन. पन उभं राह्यचा मौका भेटन."

मौका भेटन. परतीच्या रस्त्याभर जनकाबाई हे दोन शब्द चघळत आली.

घरी आल्यावर पहिल्यांदा तिला दुपार दिसली. भिंतीवर सरकत जाणारं ऊन, गोठ्यातल्या गायीची रवंथ, पलीकडं कडूबाची बायको त्याला देत असलेल्या शिव्या. ही सगळी दुपार रोजच होती आणि तिच्यावाचून चालली होती. ती ओसरीवर बसून वासंतीच्या लुगड्यांना काठ लावत राहिली आणि टाका चुकला नाही. संध्याकाळी ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, मी देऊळघाटले जात नाही. मांडवात मी बसते."

"पडली तं?"

"पडली तं पडली. पन लपून बसनार नाही. अन् इहिणीले मी पहिलेच सांगनार हाये."

गोजरबाईनं कपाळाला हात लावला. पण सांगायची वेळ लगेच आली. मनकर्णाबाई लुगडी पसंत करायला आली होती, आणि तिच्या कानावर आधीच कुजबुज गेलेली होती. धिप्पाड बाई, आवाज खणखणीत. पाणी पिऊन गडवा खाली ठेवत तिनं सरळच विचारलं, "काऊन हो इहीनबाई, तुमाले मिरगी हाये म्हनतात?"

"मिरगी नाही. हसली की पडते."

"काय?"

"हसली की गुडघे जातात. नागपूरच्या डाक्टरीनबाईनं तारा लावून पाह्यलं. गोळी देल्ली. आता पडन का नाही, मले बी माहीत नाही."

मनकर्णाबाई तिच्याकडं बघत राहिली. खोटं बोलणारी बाई शेवटचं वाक्य बोलत नाही, हे तिला कळत असावं. पण गंमत सोडेल ती मनकर्णाबाई कसली.

"हसल्यावर पडते! अवं, मी हसवल्यावर चांगल्याचुंगल्या पडतात, त्यायले कोनी तारा नाही लावत." मग पदर कमरेला खोचत म्हणाली, "मांडवात पाहू मंग. माह्या गान्यानं हसून उभी राह्यली तं आपली इहीन पक्की. अन् पडली तं वऱ्हाड वापस नेईन डोनगावले."

ती हसत म्हणाली. पण गोजरबाईनं ते खरं धरलं, आणि अर्ध्या गावानंही. कोपऱ्यात उभ्या वासंतीचा चेहरा पांढरा पडला. रात्रीच्या भाकरी थापताना ती आईला म्हणाली, "माय, तू जाय देऊळघाटले. मले राग येनार नाही."

"तुले लपून हसाले मी शिकवलं," जनकाबाई म्हणाली. "आता उघडं हसाले कोन शिकवन?"

चैत्रातलं ऊन मांडवाच्या आंब्याच्या डहाळ्यांमधून ठिपके ठिपके होऊन खाली पडत होतं. कन्यादान झालं, जनकाबाईनं वासंतीच्या हातावर पाणी सोडलं. विमलबाई मागं उभी राहून डोळे पुसत होती, आपली जागा गेली म्हणून की कशासाठी, कुणास ठाऊक. मग पंगत बसली. वाढून झालं, आणि सगळ्या मांडवाचं लक्ष एका ठिकाणी आलं. मनकर्णाबाई पाटावरून उठून उभी राहिली, तिच्या मागं डोणगावच्या बायका. समोर जनकाबाई, हातात पुरणपोळ्यांची परात. गोजरबाई तिच्या अगदी शेजारी येऊन थांबली. तिच्या उजव्या पायाचा अंगठा चपलेतून अर्धा बाहेर निघालेला होता.

मनकर्णाबाईनं सूर लावला.

"इहीन आमची झोपाळू हो झोपाळू,
पीठ मळता मळता घोरे,
परातीत पडली वेणी,
भाकर झाली केसाळू!"

मांडव खदखदला. जनकाबाईच्या ओठांना हसू शिवलं आणि मानेत ती ओळखीची सैल लाट आली. परात तिनं विमलबाईच्या हाती दिली. गुडघे थरथरले. ती उभीच होती. मनकर्णाबाईनं श्वासही घेऊ दिला नाही.

"सासरा बसला जेवाले हो जेवाले,
म्हणे भाकर हाये का बकरू?
शेपूट धरून हातात
निघाला चारा घालाले!"

जनकाबाईच्या डोळ्यांपुढं ते चित्र उभं राहिलं. कधीच वारलेला तिचा सासरा, भाकरीला आलेली शेपटी, आणि तिला चारा घालायला ओढत नेणारा तो गंभीर म्हातारा. पोटातून हसू उसळलं. तिला ठाऊक होतं, हेच ते; आता खुंट्या निघतील. जबडा सैल झाला. मांडवाचा खांब, आंब्याची पानं, वाकायला निघालेली तोंडं. विहिरीचा काठ वर सरकू लागला. डावा गुडघा वाकला. शेजारी गोजरबाई खाली वाकली आणि तिनं चप्पल काढून हातात घेतली. सवयीनं शेणाचा तो गार वास नाकाशी आला.

आणि गुडघा वाकून तिथंच थांबला. पुढं गेला नाही. कुठूनतरी, राखेखालून, एक बारीक ताठ रेष वर आली. मांडीतून, कण्यातून, मानेतून. खांबाला हात न लावता जनकाबाई सरळ झाली, आणि हसली. मोठ्यानं हसली. तिचं हसणं अमडापुरात कुणी ऐकलेलंच नव्हतं. ते लहान बाईच्या देहातून येणारं, दांडगं, खडबडीत, मोटेतून पाणी पाटात पडावं तसं हसणं होतं. वर्षानुवर्षं साचलेलं. बैलगाडीखाली बसलेले गडी उठून बघायला आले. ती हसत राहिली, डोळ्यांतून पाणी गळत राहिलं, आणि ती उभी होती.

मनकर्णाबाईनं टाळी वाजवली. "राह्यली वं! राह्यली!"

"थांबा इहीनबाई," जनकाबाई धापा टाकत म्हणाली, "उत्तर घेऊन जा." आणि विहिरीच्या तळाशी बसून जुळवलेल्या शेकडो गाण्यांनी एकदम गर्दी केली असताना तिनं एक नवंच उचललं, देऊळघाटच्या पोरीच्या आवाजात.

"डोनगावची इहीन मोठी गाणारी हो गाणारी,
तिचा गळा ऐकून
बैल पळाले रानात,
गाढवं आली वऱ्हाडी!"

वऱ्हाडी म्हणून आलेल्या सगळ्या डोणगावानं स्वतःला गाढव म्हणवून घेत मांड्यांवर थापा मारल्या. मनकर्णाबाई पाटावर बसली ती हसण्यानं. तिला उठवायला दोघी लागल्या. शेषराव तिकडून ओरडला, "कडूबा, पाह्य, कोनाचीतरी चप्पल आन बे, इहीनबाई पडल्या!" इतक्या वर्षांत आपल्या घरात केलेली ही त्याची पहिली गंमत होती. आणि मुंडावळ्या बांधलेली वासंती हसली, पदर तोंडावर न घेता, सगळ्यांच्या देखत, दात दाखवून.

गोजरबाई मात्र तशीच उभी होती, एक पाय उघडा, हातात झिजलेली चप्पल. तिच्या डोळ्यांत एक प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर तिला आधीच माहीत होतं: इतकी वर्षं ऐकलं ना तू सगळं?

जनकाबाईनं तिच्या हातातली चप्पल घेतली, खाली वाकली, न पडता वाकली, आणि सासूच्या पायापुढं ठेवली.

"पायात घाला आत्याबाई," ती म्हणाली. "जमीन तापली हाये. पाय भाजन."